उतरतं पाणी

जबलपूर
२९ ऑगस्ट १९६५

बेबीताई,

मे महिन्यात टांग्यात बसताना तू म्हणाली होतीस, "विनता, माझं पोरगं पाण्यात घालणार असशील तर मला पत्र टाकू नको." म्हणून इतके दिवस टाकलं नाही. आज टाकते आहे यावरून काही भलतं मनात आणू नको. उद्या गणपती बसतात. मखराचे कागद कापताना तुझी आठवण आली, एवढंच.

तुझा विनय बरा आहे. कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झालाय. काश्मीरकडच्या बातम्या तूही रेडिओवर ऐकत असशील. आमचे हे, तुझे हेमचंद्रराव, सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात, आणि जेवतात तेही पेंगतच. विनयची पाळी त्यांच्याच खात्यात आहे, तेव्हा पोराला नदीवर जायला वेळ कुठला? तळहाताला घट्टे पडलेत, पण ते कामाचे. भूक चांगली आहे. मिशी ठेवून राहिला आहे, ती त्याला मुळीच शोभत नाही. तू लिहिलंस तर काढेल, माझं ऐकत नाही.

नर्मदा यंदा लवकर भरली. ग्वारीघाटच्या पायऱ्या केव्हाच बुडाल्या. लोक संध्याकाळी जत्रेला जावं तसे पूर पाहायला जातात. मी काही गेली नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. फाडण्याआधी वाच मात्र.

विनता


७ सप्टेंबर

ताई,

मागच्या पत्रात मी तुला खरं लिहिलं नाही. विनयच्या हातावरचे घट्टे वल्ह्याचे आहेत. आणि पूर पाहायला मी रोज जाऊन राहिली आहे.

कालपासून गावाचा रंगच बदलला. आपल्या फौजा लाहोरकडे सरकल्याची बातमी आली आणि संध्याकाळी खिडक्यांना काळे कागद लावायचा हुकूम निघाला. कारखान्यांचं गाव म्हणून इथे भीती जास्त. कमानिया गेटपाशी पोरं ओरडून ओरडून घसे बसवून राहिली. शाळेत माझ्या मुली भूगोलाच्या तासाला फक्त एकच नकाशा मागतात.

आता मुद्द्याचं. काल मंडळाच्या गणपतीसमोर आरतीनंतर मोहन उभा राहिला. मोहन म्हणजे चेरीतालच्या अनसूयावहिनींचा मुलगा. मेमध्ये ज्याने तुला टांगा आणून दिला होता, तोच. कारखान्यात सुपरवायझर आहे, विनयपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, आणि विनयला त्याच्याशिवाय चैन पडत नाही. गेल्या वर्षी सैन्यात जायला निघाला होता, कानात दोष निघाला म्हणून परत पाठवला. तेव्हापासून पोरगं गप्प झालं होतं. काल मात्र त्याचा आवाज असा लागला की मागच्या बायकासुद्धा उठून उभ्या राहिल्या.

म्हणाला, "आपले जवान तिकडे नद्या ओलांडून राहिले आहेत. आपण इथे काय करतो? एकोणीस तारखेच्या रविवारी भेडाघाटला, पुराच्या पाण्यात, मी आणि विनय होडीने धुआँधारचा धबधबा पार करणार. पाहायला या. येताना जवानांसाठी जे देता येईल ते आणा."

टाळ्या थांबेनात. विनय खाली मान घालून हसत होता. मला घरी एक शब्द बोलला नव्हता.

कोणीतरी म्हणालं, त्या रविवारी पितृपक्ष आहे. आमचे अध्यक्ष विष्णुपंत म्हणाले, "लढाई काय पितृपक्ष पाहून थांबते?" मग माझ्याकडे वळले. "विनताबाई, पाणी तुम्हाला कळतं. तुम्ही जाऊन पाहा. तुम्ही हो म्हटलं तरच पोरं उतरतील. चलो, ठरलं."

तर हे असं माझ्यावर आलं. तू मेमध्ये पाहिल्यास ना त्या होड्या, एका माणसापुरत्या, लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेल्या? त्यातली पहिली यांनी एका परत जाणाऱ्या गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. मला त्यात बसायला यांनीच शिकवलं, आणि मग मीच यांच्या पुढे निघून गेली. आमच्या अंगणात पोर नव्हतं, होड्या होत्या. तिलवाऱ्यापासून लम्हेट्यापर्यंतचा प्रत्येक खळाळ मी कोरड्यात पाहिला आहे आणि पाण्यातही. पण पावसाळ्यात धुआँधारवर मी कधीच गेली नाही, कोणीच गेलं नाही.

तू घाबरू नको. हो म्हणायचं की नाही ते माझ्या हातात आहे.

विनता


१३ सप्टेंबर

ताई,

काल रविवारी मोहन, विनय आणि मी भेडाघाटला जाऊन आलो. यांना सुटी मिळाली नाही.

धुआँधार नाहीसा झाला आहे. हिवाळ्यात जिथे शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं, तिथे आम्ही उभे होतो आणि आवाज नव्हता. खालच्या दरीत पाणी इतकं चढलंय की धबधब्याची पायरीच बुडून गेली. वरची नदी आणि खालची नदी एक झाली आहे. नुसती तपकिरी पाठ, रुंद, वेगात सरकून राहिलेली. काठची झाडं कमरेपर्यंत पाण्यात उभी, आणि वाऱ्याचं नाव नसताना थरथरत होती. एवढं मोठं पाणी इतकं गप्प असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मोहन नाचायलाच लागला. "बघा काकू, धबधबाच नाही! रस्ता आहे रस्ता, डांबरी!"

खरं सांगू? माझेही हात शिवशिवले. धबधब्याच्या जागेवरून होडी अशी निघून गेली असती की खाली काय आहे ते कळलंही नसतं. मी विनयकडे पाहिलं. तोही तेच पाहत होता.

मग आम्ही वरून चालत दरीच्या काठाकाठाने गेलो. खरी भीती तिथे होती. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उभे कडे, पाण्याने घासून गुळगुळीत केलेले, बोट अडकवायला फट नाही. हिवाळ्यात जिथे नावाडी सहलीची माणसं फिरवतात, त्या अरुंद जागेतून ही सगळी नदी कोंबून जात होती. पाणी मधोमध फुगायचं, फुटायचं, आणि तिथेच खड्डा पडायचा. मुळांसकट वाहत आलेलं एक आंब्याचं झाड त्या खड्ड्याशी आलं, उभं राहिलं आणि गेलं. आम्ही खालच्या घाटापर्यंत चालत गेलो, पण ते झाड पुन्हा दिसलं नाही. नावाड्यांच्या नावा तर महिनाभरापासून वर गावात उलट्या करून ठेवल्या आहेत.

मी म्हटलं, "मोहन, या पाण्यात नाही. होडी उलटली तर बाहेर यायला काठच नाही."

"आणि उतरलं तर?"

"उतरलं की पाहू."

हा शब्द मी उगीच दिला असं मला बसमध्ये वाटत राहिलं. मोहन सगळ्या वाटेने पाऊस थांबल्याचं बोलत होता. विनय खिडकीशी बसून आला. घरी आल्यावर मला म्हणाला, "मावशी, काहून इतकी घाबरून राहिली? तू तर कधी घाबरत नाही."

मी म्हटलं, "घाबरत नसती तर आज तुला शिकवायला जिवंत नसती."

विनता


१८ सप्टेंबर, शनिवार

ताई,

हे पत्र तुला वेळेवर पोहोचणार नाही, म्हणून सकाळी तार केली आहे. त्यात लिहिलं तसं तू उलट तार कर, विनयच्या नावाने. आजारी आहे, ताबडतोब ये, एवढंच लिही. मी तुला खोटं बोलायला सांगते आहे हे मला कळतं. मला दुसरा मार्ग दिसत नाही.

पाणी उतरलं. चांगलं दीड पुरुष उतरलं, आकाश मोकळं झालं, गावात सगळे खूश. काल मी शाळेतून रजा घेऊन पुन्हा भेडाघाटला गेली. विनयची पाळी रात्रीची होती, त्यालाही नेलं. मंडळाच्या मखराचे केळीचे खांब पडून होते, ते बसच्या टपावर टाकून नेले.

धबधबा अजून पुरता उघडा पडलेला नाही. अर्धा बुडलेला आहे, आणि आता त्याला आवाज आहे. हिवाळ्यातला गडगडाट नव्हे. घशातून यावा तसा, खालचा, न थांबणारा. धबधब्याच्या पायथ्याशी या काठापासून त्या काठापर्यंत एक पांढरी रेघ दिसते. वरून पाणी येतं ते सरळ तळाला जातं, आणि तिथलं वरवरचं पाणी मागे वळून पुन्हा धबधब्याकडेच धावतं. रेघेच्या खाली कितीतरी लांबपर्यंत नदी उलटी वाहते. लांबून पाहिलं तर काहीच नाही, थोडा फेस. पूर असताना ती जागा खोल बुडालेली होती म्हणून ही रेघ नव्हती. आता तयार झाली आहे. पाणी आणखी खूप उतरलं तर मोडेल, पण रविवारपर्यंत नाही.

आम्ही पहिला खांब सोडला. केळीचा खांब माणसासारखाच तरंगतो, थोडा वर, बाकीचा पाण्याखाली. तो घसरत आला, रेघेत शिरला आणि दिसेनासा झाला. मग उभा वर आला, कोणी आतून ढकलल्यासारखा. आडवा झाला. खाली वाहून जाण्याऐवजी मागे सरकायला लागला, धबधब्याकडे, हळूहळू. पुन्हा खाली गेला. पुन्हा वर. आम्ही दुसरा सोडला, तिसरा सोडला. सगळे तिथेच फिरत राहिले. आम्ही डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या, तरी ते तिथेच. शेवटी जे बाहेर आलं ते खांब नव्हते, नुसते सुटे पापुद्रे.

विनयने अर्धी पोळी तशीच ठेवली.

संध्याकाळी विष्णुपंतांच्या घरी मी सगळं सांगितलं. खांबांचंही सांगितलं. मोहन शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काकू, भर पुरात तुम्ही म्हणालात उतरलं की पाहू. आता उतरलं तर म्हणता आणखी वाईट झालं. मग नदी चांगली असते तरी केव्हा?"

"जानेवारीत."

सगळे हसले. मी हसवायला बोलली नव्हती.

"केळीच्या खांबाला हात असतात का? वल्हं मारतो का तो?" मोहन म्हणाला. "वेगात गेलो तर रेघ ओलांडून जाईन. आणि आम्ही दोघं आहोत. एक अडकला तर दुसरा काढेल."

"दुसराही तिथेच अडकेल, मोहन. तिथे कोणी कोणाला काढू शकत नाही."

तो एकदम उभा राहिला. "तिकडे पोरं रणगाड्यासमोर उभी आहेत. त्यांना कोणी आधी खांब सोडून दाखवले का?"

यावर काय बोलशील तू? मी विष्णुपंतांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. पत्रकं वाटून झाली आहेत, म्हणाले, आजूबाजूच्या गावांतून माणसं येणार आहेत. "विनताबाईंचं मत आपण ऐकलं. मंडळ कोणावर जबरदस्ती करत नाही. ज्याला जायचं त्याने जावं."

आज दुपारी मी चेरीतालला अनसूयावहिनींकडे गेली. त्यांना सगळं उघड सांगितलं. त्या बेसन भाजत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "विनताबाई, सैन्यातून परत पाठवला त्या दिवसापासून हा पोरगा माझ्या घरात हसला नव्हता. आता हसून राहिला आहे. मी त्याला कोणत्या तोंडाने अडवू?"

विनयला मी काल तो पाळीवर निघण्याआधीच नाही म्हणून सांगितलं. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. यांनीही समजावलं. सकाळी पाहिलं तर अंगणात होडीच्या कॅनव्हासला मेण लावत बसला होता.

उद्या मीही जाते आहे. काठावर दोर घेऊन उभी राहीन.

विनता


२० सप्टेंबर

ताई,

विनय सुखरूप आहे. पाण्यात उतरला नाही.

मोहन गेला.

तुझी तार काल संध्याकाळी आली, आम्ही भेडाघाटहून परत आल्यावर. विनयने ती वाचली आणि मला विचारलं, "आई खरंच आजारी आहे?" मी नाही म्हटलं. त्याने ती घडी करून खिशात ठेवली.

जास्त लिहवत नाही.

विनता


२५ सप्टेंबर

ताई,

तू लिहिलंस की सगळं सांग, काही लपवू नको. तुझं अक्षर पाहून मी किती वेळ पाकीट फोडलंच नाही. सांगते.

त्या दिवशी ऊन पडलं होतं. काठावरच्या खडकांवर पुराची ओली खूण डोक्याच्या वर दिसत होती, आणि ती एकमेकांना दाखवून लोक म्हणत होते, बघा, किती उतरलं. यात्रेसारखी गर्दी. भोंग्यावर देशभक्तीची गाणी. विष्णुपंतांनी दोघांना हार घातले, अनसूयावहिनींनी दोघांना ओवाळलं. विनयलाही. त्याच्या कपाळावर कुंकू लावताना म्हणाल्या, "याच्याजवळच राहा रे." हे मी ऐकलं.

धबधब्याच्या वर नदी पसरट आहे, तिथे काठाशी थोडं थांबलेलं पाणी होतं. दोघे होड्यांत बसले. मी खाली, जिथपर्यंत जाता येत होतं तिथपर्यंत दोर घेऊन गेली. तिथून रेघेपर्यंत माझा दोर अर्ध्यातही पोहोचला नसता. मला ते माहीत होतं. पण हात रिकामे ठेवून उभं राहवत नव्हतं. मग मी पुन्हा वर आली, त्यांना सांगायला, निदान डाव्या अंगाने जा.

वर आली तेव्हा विनय होडीतून उतरला होता. गुडघाभर पाण्यात उभा होता. मोहन म्हणाला, "काय झालं?"

"भैया, नको. आज नको."

"चल ना यार. इतके लोक आलेत."

"मी खांब पाहिले, भैया. तू पाहिले नाही. नको जाऊ."

मोहन हसला. रागावला नाही, ताई. खरंच हसला, लहान भावाला हसावं तसा. म्हणाला, "तू थांब. मी जाऊन येतो." आणि काठाला वल्हं टेकवून निघाला.

विनयने होडी डोक्यावर घेतली आणि गर्दीतून चालायला लागला. आधी लोकांना कळलंच नाही. मग ओरड सुरू झाली. "अरे, ये वापस काहे जा रहा है?" "डर गया, डर गया!" कोणीतरी हातातली बांगडी काढून त्याच्या अंगावर फेकली. ती होडीवर लागून माझ्या पायाशी पडली. माझ्या शेजारी एक बाई होती, चांगल्या घरची. तिने तोंडाला पदर लावून मला विचारलं, "किसका लड़का है?"

मी म्हटलं, "पता नहीं."

का म्हटलं, ते मला आजही कळत नाही. उतरू नका हा जो शब्द मी दोनदा बोलली होती, त्याच शब्दाला तो जागला होता, आणि मी म्हटलं पता नहीं. तो हातभर अंतरावर होता. त्याने ऐकलं. होडीखालून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेला.

तेवढ्यात गर्दी नदीकडे वळली.

मोहन सुंदर वल्हवत होता. मीच शिकवलेला हात तो, लांब, न घाई करणारा. धबधब्याच्या कडेवरून उतरला तेव्हा लोकांनी जयघोष केला. रेघेत होडीचं नाक शिरलं आणि होडी थांबली. एवढ्या वेगात आलेली होडी भिंतीला लागल्यासारखी थांबली. मग मागचं टोक वर झालं. जयघोष चालूच होता, लोकांना वाटलं तो करामत करून राहिला. होडी मोडली ते मला सांगाड्याच्या मोडक्या पट्ट्या पांढऱ्या दिसल्या तेव्हा कळलं. त्याचं डोकं एकदा वर आलं. तोंड आमच्याकडे होतं. तो पोहायला लागला, खालच्या बाजूला, जीव खाऊन, आणि मागे मागे जात राहिला.

भोंग्यावरचं गाणं बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

विनय होडी टाकून पळत आला आणि पाण्यात शिरायला लागला. मी आणि आणखी दोघांनी त्याला धरलं. त्याने माझ्या दंडाला चावा घेतला, तो अजून निळा आहे. मी सोडलं नाही.

मोहन बुधवारी सापडला, खूप खाली, नावाड्यांना. यांनी आणि कारखान्यातल्या लोकांनी खांदा दिला. विनय लांबून चालत होता. अनसूयावहिनींनी त्याला पाहिलं आणि सगळ्या गल्लीसमोर बोलल्या. "मी तुला ओवाळलं. त्याच्याजवळ राहा म्हटलं. दुसरी होडी असती तर माझा पोरगा निघाला असता. तू त्याला मारलंस." आणखीही बोलल्या, ते मी लिहीत नाही. विनय उभा राहून ऐकत होता. निघून गेला नाही.

आता सगळं गाव तेच म्हणतं, दुसरी होडी असती तर. विष्णुपंतसुद्धा. कारखान्यात त्याच्या टेबलावर कोणीतरी बांगड्या ठेवतं. लढाई थांबली, लोकांनी खिडक्यांचे कागद काढले. आमचे तसेच आहेत.

माझ्याशी तो बोलत नाही. ताट वाढलं की जेवतो. तू लिहितेस त्याला अमरावतीला पाठव. मी त्याच्यासमोर तुझं पत्र ठेवलं. त्याने मानेने नाही म्हटलं.

विनता


१ ऑक्टोबर

ताई,

काल दुपारी अनसूयावहिनी आमच्याकडे आल्या.

त्यांच्या घरी सुतक. नवरात्र आहे, पण घट नाहीत. सुतकात कोणी कोणाच्या घरी जात नाही, तरी त्या चेरीतालहून इथपर्यंत चालत आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत, ओट्यावरच बसल्या. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. किती तरी वेळ अंगणाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "विनताबाई, तुम्हाला पाणी कळतं. मला एक सांगा. माझ्या समाधानासाठी सांगू नका. हा पोरगा गेला असता, तर माझा वाचला असता?"

विनय आत होता. दार उघडंच होतं.

ताई, मला दोन्ही उत्तरं दिसत होती. हो म्हटलं तर तिला राग धरायला एक माणूस उरतो, आणि रागावर माणूस बरेच दिवस जगू शकतं. नाही म्हटलं तर तिचा मुलगा उगीचच गेला, असं होतं.

मी म्हटलं, "नाही वहिनी. दोघंही गेले असते. त्याच जागी."

 त्यांनी विचारलं, "त्याला माहीत होतं? माझ्या मोहनला?"

विनयच बाहेर आला. इतक्या दिवसांनी मी त्याचा आवाज ऐकला. म्हणाला, "मी सांगितलं होतं, काकू. एकदाच सांगितलं. हात धरायला पाहिजे होता. मी होडी उचलली."

"धरला असता तरी त्याने सोडवून घेतला असता," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच. मीच कधी धरला नाही." मग त्याला समोर बसायला लावलं. "जेवतोस का?" तो हो म्हणाला. "काय झालंय तुझ्या तोंडाचं. तुझी आई कुठे असते?"

"अमरावतीला."

"तिला कळलंय, मी तुला काय काय बोलली ते?"

विनयने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी लिहिलंय."

"मग तिला बोलवा," त्या मला म्हणाल्या. "चारचौघांत मी तिच्या पोराला खुनी म्हटलं. ते मला परत घ्यायचं आहे, त्याच गल्लीत, सगळ्यांसमोर. पण त्याची आई तिथे पाहिजे. तिच्या माघारी घेतलं तर ते घेतल्यासारखं होणार नाही." उठल्या, पदर सारखा केला. विनय त्यांना पोहोचवायला निघाला. त्यांनी नको म्हटलं नाही. दोघं रस्त्याच्या कडेकडेने गेली, ती पुढे, हा दोन पावलं मागे.

अंधार पडायच्या आत परत आला. मी चुलीशी होती. पाटावर बसला आणि म्हणाला, "मावशी, मी अमरावतीला जात नाही. आता गेलो तर पळाल्यासारखं होईल. त्यांना म्हणायचं ते म्हणू दे. कंटाळतील."

मी म्हटलं, "विनय, त्या दिवशी त्या बाईला मी..."

"ऐकलं मी," तो म्हणाला. ताट पुढे ओढून म्हणाला, "तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटत होती. तुला वाटली तर काय नवल."

मी म्हटलं, "नवल आहे. माझ्याकडून तरी नवल आहे." त्याने आणखी एक पोळी मागितली.

म्हणून लिहिते आहे. तू माझ्यावर रागावलेली आहेस, ते राहू दे, त्याचं आपण नंतर पाहू. तू निघून ये. सुतक फिटलं की अनसूयावहिनी वाट पाहतील. स्टेशनवर विनय येईल. तिथे त्याला छातीशी धरून रडू नको, लोक पाहतात आणि त्याला आता लोकांनी पाहिलेलं सोसत नाही. तो जिवंत राहिला म्हणून त्याची पाठ थोपटू नको. माझ्याबद्दल त्याला काही विचारू नको. सामान त्याला उचलू दे, सगळं, जड असलं तरी.

विनता